वाचकांचे प्रश्न : ‘ॲप्ट’ अडून बसते तेव्हा

या वेळची चारही पत्रे उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या वाचकांची असून सर्वांची तक्रार एकाच जातीची आहे. ‘ॲप्ट’ हे पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजे आणून बसवणारे साधन, अद्ययावत करताना किंवा त्याच्याकडून काही अद्ययावत करून घेताना डिपेंडन्सीची, म्हणजे एका पॅकेजाला लागणारे दुसरे पॅकेज न जुळल्याची, त्रुटी येते आणि पुढचे काम ठप्प होते. उत्तरांतील कमांड आणि पॅकेजांची नावे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवून टंकावीत.

प्रश्न : माझा छोटा छापखाना आहे. संगणकावर उबुंटू २२.०४ होते. जुळणीचे एक जुने सॉफ्टवेअर चालू राहावे म्हणून दोन वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञाने त्यावर काही ‘होल्ड’ (पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर अडवून ठेवणाऱ्या खुणा) लावून दिले होते. आता दुसऱ्या तंत्रज्ञाने सोर्सेस डॉट लिस्ट (पॅकेजे कोणत्या भांडारातून उतरवायची त्याची यादी) या फाइलमध्ये जिथे जिथे ‘जॅमी’ (२२.०४ चे नाव) होते तिथे ‘नोबल’ (२४.०४ चे नाव) लिहिले आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवले. काही पॅकेजे नवी झाली आणि मग काम थांबले. संदेश असा येतो की ‘ॲप्ट’ला ‘लिबॲप्ट-पीकेजी६.०टी६४’ हवे आहे, पण ते बसवले जाणार नाही. ‘टी६४’ हे प्रकरण काय आहे? संगणक पुसून सगळे नव्याने घालावे लागेल का?
— एक मुद्रक, सांगली जिल्हा

उत्तर : संगणक पुसण्याची वेळ बहुधा आलेली नाही. तरीही पुढचे काही करण्यापूर्वी आपल्या जुळणीच्या फाइली आणि ‘ईटीसी’ ही सेटिंग्जची संपूर्ण निर्देशिका (फोल्डर) बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. मधल्या काळात संगणक बंद-चालू करण्याचे टाळावे, कारण अर्धवट बदललेली प्रणाली चालू असेपर्यंत धड वाटते आणि पुन्हा सुरू होताना अडते.

प्रथम ‘टी६४’विषयी. युनिक्सच्या परंपरेत वेळ ही १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत मोजली जाते. हा आकडा चिन्हासह ३२ बिटांत ठेवला, तर तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. त्या दिवसाची तयारी म्हणून २०२४ च्या आरंभी डेबियन (ज्या प्रणालीवर उबुंटू आधारलेली आहे ती) आणि उबुंटूने ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरांसाठी वेळेचा हा आकडा ६४ बिटांचा केला. त्यामुळे ज्या लायब्ररींची (अनेक प्रोग्राम सामाईकपणे वापरतात त्या कोडच्या संचांची) अंतर्गत रचना बदलली, त्यांच्या पॅकेजांच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट जोडण्यात आले. आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या संगणकावर वेळ आधीपासूनच ६४ बिटांची होती, म्हणजे तिथे रचना बदललीच नाही. परंतु पॅकेजांची नावे सर्वत्र सारखी ठेवायची म्हणून नाव तेवढे बदलले. उबुंटू २४.०४ मध्ये ‘लिबएसएसएल३’ हे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले आणि ‘लिबॲप्ट-पीकेजी६.०’ हे ‘लिबॲप्ट-पीकेजी६.०टी६४’ झाले, ते याच कारणाने. नवे पॅकेज ‘जुन्या नावाची गरज मी भागवतो’ असे जाहीर करते, पण जुन्या पॅकेजाची जुनी आवृत्ती आपल्याशेजारी राहू देत नाही. एकाला जागा सोडावीच लागते.

नाव बदलणे हे मात्र आपल्या अडचणीचे मूळ कारण नाही. ‘बसवले जाणार नाही’ या शब्दांत ॲप्ट एवढेच सांगते की त्या पॅकेजाच्याही मागे काहीतरी अडले आहे. काय अडले आहे हे ते पहिल्या फटक्यात सांगत नाही. ते काढून घेण्याची रीत सोपी असूनही फार थोडे लोक ती वापरतात. संदेशात ज्या पॅकेजाचे नाव आले आहे, तेच ‘सुडो ॲप्ट -एस इन्स्टॉल’ या कमांडपुढे लिहावे. ‘-एस’मुळे हे सारे केवळ तालमीसारखे होते, प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. उत्तरात पुढचे नाव येईल, तेही तसेच लिहावे. असे करत विहिरीच्या पायऱ्या उतरावे तसे खाली गेले की अखेरीस एक ओळ अशी येते, जिच्यात ‘बसवले जाणार नाही’ याऐवजी अमुक आवृत्ती हवी आहे आणि तमुक आवृत्तीच राहणार आहे असे स्पष्ट आकडे असतात. दुखणे त्या ओळीत असते.

आपल्या बाबतीत ती ओळ ‘लिबसी६’ची असणार, असे मी पत्रावरून अनुमान करतो. ही सी भाषेची मूळ लायब्ररी असून संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. २२.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३५ आहे आणि २४.०४ मध्ये २.३९. नव्या ‘लिबॲप्ट-पीकेजी६.०टी६४’ला २.३८ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही कमांड चालवल्यावर ‘लिबसी६’ हे नाव छापून आले, तर पहिल्या तंत्रज्ञाने लावलेला होल्ड आणि दुसऱ्याने घातलेली ‘नोबल’ची ओळ एकमेकांविरुद्ध उभी आहेत आणि ॲप्ट दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मुळात तो होल्ड लावायलाच नको होता असे माझे मत आहे. ही लायब्ररी जुन्या प्रोग्रामांसाठी आपली जुनी अंगेही सांभाळून ठेवते, म्हणून जुन्या आवृत्तीवर बांधलेले सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर सहसा चालते. याच्या उलट, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालत नाही.

आता वाट कोणती धरायची, ते ‘ॲप्ट-कॅशे पॉलिसी लिबसी६’ या कमांडच्या उत्तरावर ठरते. त्यात ‘इन्स्टॉल्ड’पुढे २.३५ दिसत असेल, तर पाया हललेला नाही आणि मागे फिरता येईल. मी मागेच फिरेन. त्यासाठी सोर्सेस डॉट लिस्टमध्ये ‘नोबल’च्या जागी पुन्हा ‘जॅमी’ लिहून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवावे. त्यानंतर ‘ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड’च्या यादीत ज्या नावांपुढे ‘लोकल’ असे लिहून येईल, त्यांची बसलेली आवृत्ती आता कुठल्याच भांडारात नाही, म्हणजे नोबलमधून आलेली पॅकेजे बहुतांशी तीच होत. ॲप्ट आपण होऊन कधीही जुन्या आवृत्तीकडे जात नाही. त्याला तशी परवानगी द्यायची, तर प्रेफरन्सेस डॉट डी या निर्देशिकेत तीन ओळींची एक फाइल करून पहिल्या ओळीत सर्व पॅकेजांसाठी तारांकन, दुसरीत ‘पिन : रिलीज एन=जॅमी’ आणि तिसरीत ‘पिन-प्रायॉरिटी : १००१’ असे लिहावे लागते, कारण १००० पासून पुढची प्रायॉरिटी असेल तरच ॲप्ट पायरी उतरते. मग ‘सुडो ॲप्ट -एस फुल-अपग्रेड’ने तालीम करून यादी वाचावी आणि ती पटली तरच ‘-एस’ काढून तीच कमांड खरी चालवावी. काम झाले की ती फाइल आठवणीने काढून टाकावी. पॅकेजांच्या आतल्या स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात, मागे येण्यासाठी नव्हे, म्हणून हा उपाय थोड्या पॅकेजांपुरताच विश्वासाचा समजावा.

‘लिबसी६’ जर २.३९ वर गेलेले असेल, तर मात्र ते ओढून खाली आणण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. मध्येच गडबड झाली तर साधी फाइल पाहण्याची कमांडही चालणार नाही. अशा वेळी पुढेच जावे : होल्ड काढावा, बाहेरची भांडारे बंद करावीत, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवून अर्धवट राहिलेले पुरे करावे आणि तालीम करून फुल-अपग्रेड करावे. तालमीत ‘काढून टाकली जातील’ या मथळ्याखालची यादी शेवटपर्यंत वाचावी. आपल्यासारख्याने त्यात ‘आयबस-एम१७एन’ हे नाव आहे का ते मुद्दाम पाहावे. पुष्कळ जण मराठी टंकनासाठी त्याच्यावरच विसंबून असतात, आणि ते गेल्याचे मागाहून, गिऱ्हाईक समोर बसलेले असताना कळते.

क्वचित असे होते की ॲप्ट सुरूच होत नाही आणि स्वतःची लायब्ररी सापडत नसल्याचे सांगते. तेव्हाही हातपाय गाळू नयेत. ॲप्टच्या खाली काम करणारे डीपीकेजी या लायब्ररीवर अवलंबून नाही. व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज या निर्देशिकेत उतरवलेली पॅकेजे बहुधा अजून पडलेली असतात. त्यांतील ॲप्ट आणि त्याची लायब्ररी ही दोन्ही एकाच ‘सुडो डीपीकेजी -आय’ कमांडपुढे देऊन बसवता येतात. तिथे ती नसतील, तर दुसऱ्या संगणकावर त्याच आवृत्तीची आणि त्याच प्रोसेसरची पॅकेजे उतरवून पेन ड्राइव्हने आणावीत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सोर्सेस डॉट लिस्टमधले नाव बदलून केलेले आवृत्तिबदल उबुंटूवर टाळावेत. त्यासाठी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ हे साधन दिलेले आहे. ते बाहेरची भांडारे आधी बंद करते, जागा पुरेशी आहे का पाहते आणि हिशेब जुळत नसेल तर कशालाही हात न लावता थांबते. आपल्या २२.०४ ला नेहमीची सुरक्षा-अद्यतने २०२७ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा मागे फिरल्यावर घाईचे कारण नाही.

प्रश्न : त्रुटीच्या शेवटी ‘तुम्ही मोडलेली पॅकेजे धरून ठेवली आहेत’ अशा अर्थाची ओळ येते. मी काहीच धरून ठेवलेले नाही. ‘शोहोल्ड’ चालवले तर काहीच छापून येत नाही. मी २२.०४ वरून २४.०४ वर रीतसर आले आहे. त्रुटी एफएफएमपेग हे ध्वनी-चित्रफितींचे रूपांतर करणारे साधन बसवताना येते.
— एक ध्वनिमुद्रण करणाऱ्या वाचक, पुणे

उत्तर : या ओळीने अनेकांना चुकीच्या दिशेला पाठवले आहे. मागील पत्रात ती शब्दशः खरी होती. आपल्या बाबतीत मात्र तिचा अर्थ ‘बसलेली पॅकेजे जशी आहेत तशी ठेवून मला मार्ग सापडला नाही’ एवढाच घ्यावा. दिलेल्या अटींत पॅकेजांचा जुळणारा संच आहे की नाही, हा प्रश्न गणितात एनपी-कम्प्लीट या वर्गात मोडतो, म्हणजे सर्व बाबतींत झटपट उत्तर देणारी रीत त्याला आजवर सापडलेली नाही. म्हणून ॲप्टचा जुना सोडवणारा भाग काही आडाख्यांवर चालत असे आणि हार मानताना हे एकच वाक्य बोलत असे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ॲप्ट ३.० मध्ये हा भाग नव्याने लिहिलेला आहे, परंतु आपल्या २४.०४ वर ॲप्टची त्याआधीची आवृत्ती आहे, तेव्हा जुन्याच संदेशावर निभावावे लागेल.

कारण बहुधा बाहेरच्या भांडारात आहे. २२.०४ वर असताना एफएफएमपेगची नवी आवृत्ती मिळावी म्हणून आपण एखादा पीपीए, म्हणजे तसे बाहेरचे भांडार, जोडला होता का, ते आठवून पाहावे. आवृत्तिबदलाच्या वेळी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ने त्या भांडाराची ओळ बंद केली, पण तिथून आलेली पॅकेजे संगणकावरच राहिली. एफएफएमपेगच्या लायब्ररी एकमेकींकडून अगदी तंतोतंत तीच आवृत्ती मागतात, त्याहून नवी असली तरी चालत नाही. आता एखादी ‘लिबएव्हीयुटिल’ पीपीएमधली आणि बाकीच्या उबुंटूच्या, असा प्रकार झाला की गणित सुटत नाही, कारण पीपीएच्या आवृत्तीचा क्रमांक मोठा असल्याने ॲप्ट तिला हात लावत नाही.

‘ॲप्ट-कॅशे पॉलिसी’पुढे त्या लायब्ररीचे नाव देऊन पाहावे. बसलेल्या आवृत्तीच्या खाली फक्त १०० हा आकडा आणि डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा मार्ग दिसत असेल, तर तिला आता कोणताही वाली नाही असे समजावे. उबुंटूच्या भांडारातून येणाऱ्या आवृत्तीपुढे ५०० हा आकडा असतो. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’पुढे पॅकेजाचे नाव, तिरपी रेघ आणि ‘नोबल-अपडेट्स’ असे लिहून, अडलेल्या सगळ्या लायब्ररी एकाच कमांडमध्ये खाली आणाव्यात. एकेक करून आणायला गेलात तर प्रत्येक वेळी उरलेल्या अडवतील. ‘नोबल-अपडेट्स’मध्ये ते पॅकेज नसेल तर नुसते ‘नोबल’ लिहावे. पीपीएची ओळ अजून चालू असेल, तर ‘पीपीए-पर्ज’ हे साधन हेच काम आपण होऊन करते.

पाठवलेल्या छायाचित्रात वीसेक ओळींची त्रुटी शेवटच्या एका ओळीवर आणून सोडलेली दिसते. पुढच्या वेळी पूर्ण मजकूर पाठवावा. नेमके उत्तर वरच्या ओळींत असते.

प्रश्न : ‘ॲप्ट अपग्रेड’ केल्यावर दर वेळी तीन-चार पॅकेजे ‘मागे ठेवली’ असे येते. ही डिपेंडन्सीची त्रुटी आहे का?
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : बहुतेक वेळा नाही. ‘अपग्रेड’ कोणतेही बसलेले पॅकेज काढत नाही. नवी आवृत्ती घेण्यासाठी एखादे काढणे भाग असेल, तर ते ती आवृत्ती मागे ठेवते. ‘फुल-अपग्रेड’ला काढण्याची मुभा असते, म्हणून त्याची तालीम आधी घ्यावी. याशिवाय उबुंटू काही अद्यतने सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने सोडते आणि २१.०४ पासून ॲप्टही तो क्रम पाळते. आपली पाळी आली नसेल तर पॅकेज मागे राहते आणि काही दिवसांनी आपोआप येते. ते नाव घेऊन जबरदस्तीने बसवण्यात लाभ नाही. सदोष अद्यतन सर्वांपर्यंत पोहोचण्याआधी थांबवता यावे, यासाठीच ही व्यवस्था आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पायथन ३.१२ हवे होते, म्हणून उबुंटू २२.०४ वर ते बसवून ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवले. आता नवे भांडार जोडायला गेले की ‘ॲप्ट_पीकेजी’ नावाचे मॉड्यूल नाही असे येते आणि काही पॅकेजे कॉन्फिगर होताना अडतात. एका मित्राने त्या मॉड्यूलच्या फाइलची नव्या नावाने प्रत करायला सांगितले आहे. करू का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : करू नये. ते मॉड्यूल सी++ मध्ये लिहिलेले असून २२.०४ च्या स्वतःच्या पायथनसाठी, म्हणजे ३.१० साठी, बांधलेले आहे. फाइलच्या नावातला आकडा बदलल्याने आतली रचना बदलत नाही. एक संदेश नाहीसा होईल आणि पुढे कधीतरी एखादे साधन मध्येच कोसळेल, तेव्हा त्याचा संबंध आजच्या प्रतीशी आहे हे आपल्याला आठवणारही नाही.

उबुंटूमध्ये ‘पायथन३’ हे नाव आपल्या सोयीसाठी नसून प्रणालीच्या कामासाठी आहे. भांडार जोडणारी कमांड, आवृत्तिबदलाचे साधन आणि अनेक पॅकेजांच्या कॉन्फिगर होणाऱ्या स्क्रिप्ट हे सारे त्या नावामागे ३.१० च आहे असे धरून चालतात. म्हणून ‘सुडो एलएन -एसएफ’पुढे पायथन ३.१० चा पूर्ण मार्ग आणि त्यानंतर ‘पायथन३’चा पूर्ण मार्ग देऊन ते नाव पहिल्यासारखे करावे. नाव वळवताना ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’ वापरले असेल, तर तिथली ‘पायथन३’ची नोंद आधी काढावी, नाहीतर ती पुन्हा डोके वर काढेल. यानंतर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवले की अडलेली पॅकेजे मार्गी लागतील आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल पायथन३-मिनिमल’ने ते नाव जागेवर आल्याची खात्री होईल.

पायथन ३.१२ काढून टाकण्याची गरज नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात. प्रकल्पाच्या निर्देशिकेत ‘पायथन३.१२ -एम व्हीएन्व्ह’ वापरून स्वतंत्र वातावरण तयार करावे आणि पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) जे काही घ्यायचे ते त्याच्या आत घ्यावे. पुढे २४.०४ वर गेलात, तर तिथे पिप बाहेर काही बसवू देत नाही आणि हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते असे सांगते. तो संदेश ओलांडण्यासाठी एक पर्याय आहे आणि त्याच्या नावातच ‘प्रणालीची पॅकेजे मोड’ असा अर्थ आहे. प्रकल्पाच्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री तो वापरण्याचा मोह होईल, म्हणून व्हीएन्व्ह आजच तयार करून ठेवावे.